सात शेपट्यांचा उंदीर आणि एलकेजीची वर्कशीट

गिजुभाई बधेका यांनी सांगितलेली सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट गुजरातेत घरोघरी माहीत आहे, मराठीतही ती सांगितली जाते. उंदराच्या पिल्लाला सात शेपट्या असतात. शाळेत पोरं चिडवतात, म्हणून ते न्हाव्याकडे जाऊन एक शेपटी कापून घेतं. दुसऱ्या दिवशी सहा शेपट्यांवरून चिडवणं सुरू, मग पाचावरून. असं करता करता शेवटचीही शेपटी जाते आणि पोरं बिनशेपटीचा म्हणून चिडवायला लागतात. लोकांच्या बोलण्याला किती भुलायचं, हा बोध मोठी माणसं त्यातून काढतात. चार वर्षांच्या मुलाला त्या बोधाशी देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं एवढंच की, आता किती उरल्या?

म्हणजे सातापासून शून्यापर्यंतची वजाबाकी झाली, आणि तीही वजाबाकीचं चिन्ह न दाखवता. अशा गोष्टी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. तरी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एखाद्या मराठी घरात साडेतीन वर्षांच्या मुलाच्या ‘मॅथ’ची चर्चा निघाली, की विषय वर्कशीट, फ्लॅशकार्ड आणि टॅबवरच्या अ‍ॅपपाशी जाऊन थांबतो.

कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या ३३२ एकर जमिनीवर केओनिक्स या सरकारी कंपनीनं, आर. के. बाळिगा यांच्या कल्पनेतून ही वसाहत वसवली. पुढे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, त्यांच्यामागून तरुण जोडपी आली, उंच इमारती आल्या आणि इमारतींच्या तळमजल्यांवर प्लेस्कूलं आली. शिक्षणशास्त्र शिकवणारं अझीम प्रेमजी विद्यापीठसुद्धा सर्जापूरजवळच्या स्वतःच्या आवारात जाईपर्यंत इथंच, होसूर रस्त्याला लागून भरत असे. शेजार एवढा चांगला असूनही पालकांचे समज काही बदलले नाहीत. त्यातले नेहमी कानावर येणारे काही इथे घेतो. काहींना जास्त जागा लागेल, काही दोन-चार वाक्यांत आटपतील.

गैरसमज: गोष्ट म्हणजे भाषेचा तास, गणित वहीत करायचं

हा समज मराठी माणसानं बाळगावा याचं मला जरा नवलच वाटतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाईंनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या आणि १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकारानं नूतन बाल शिक्षण संघ निघाला. ताराबाई पुढे महाराष्ट्रात परतल्या. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं जे काम केलं, ते आपल्याकडच्या बालवाडी आणि अंगणवाडीच्या मुळाशी आहे. माँटेसरीचं परदेशी साहित्य महाग, म्हणून तिथे बिया, शिंपले, पानं, दगड यांचं साहित्य झालं. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शिक्षिकेनंच कुरणात जावं, म्हणून कुरणशाळा निघाली. या सगळ्यात गोष्ट, गाणं आणि मोजणं यांच्यासाठी वेगवेगळे तास पाडलेले नव्हते.

गोष्टीला क्रम असतो, आणि क्रम हे गणितच आहे. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी घ्या. जाताना तिला जनावरं एकामागून एक भेटतात, येताना तीच पुन्हा भेटतात. आधी कोण, मग कोण, शेवटी कोण? लेकीकडे जाताना ती बारीक होती, परतताना जाड झाली, इथे तुलना आली. भोपळ्याच्या आत आणि बाहेर, वाघाच्या पुढे आणि मागे, ही भूमितीची पहिली भाषा. उंदराच्या टोपीच्या गोष्टीत कापड सापडणं, धुणं, शिवणं, गोंडे लावणं हा क्रम उलटा करून बघा, मुलं हसून सांगतात की असं होणारच नाही. आणि दोन मांजरांचं भांडण सोडवायला बसलेलं माकड तर समान वाटणीचाच धडा देतं. ताजवा हातात धरून, प्रत्येक खेपेला एका बाजूचा तुकडा मुद्दाम मोठा ठेवून. कपड्यांचा हँगर खुंटीला अडकवून त्याच्या दोन टोकांना दोन पिशव्या बांधल्या, की घरातच ताजवा तयार होतो. कुठली बाजू खाली गेली, का गेली, सारखं करायला काय काढायचं, हे तीन वर्षांचं मूलही हातानं करून दाखवतं. माकड लबाडी करतंय हे ओळखण्यात त्याला केवढा आनंद होतो, तो वर्कशीटवर कुठून येणार!

उंदराच्या गोष्टीला तर खर्चच नाही. एक जुना मोजा, त्याला सात नाड्या किंवा लोकरीचे तुकडे. कातर चालवण्याआधी विचारायचं, ‘आता एक गेली की किती राहतील?’ हा आधीचा प्रश्न महत्त्वाचा. कापल्यानंतर विचारलं तर मूल फक्त मोजतं, आधी विचारलं तर मनात वजाबाकी करतं. चुकलं तरी बिघडत नाही, कारण लगेच कापून खरं-खोटं करता येतं. शेवटची नाडी गेल्यावर ‘किती?’ या प्रश्नाला बहुतेक मुलं आकडा सांगत नाहीत, ‘संपल्या’ म्हणतात. ‘काही नाही’ हे मुलाला आधी कळतं, त्यालाही एक संख्या म्हणायचं हे बऱ्याच उशिरा. घाई करू नये, पण ‘याला शून्य म्हणतात’ एवढं सहज सांगून ठेवावं.

ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रॉनिक सिटीत मेट्रोची पिवळी मार्गिका धावते आहे, आणि योगायोग असा की इलेक्ट्रॉनिक सिटी स्थानकातून निघालं की बेरटेन अग्रहार, होसा रोड, सिंगसंद्रा, कूडलू गेट, होंगसंद्रा, बोम्मनहळ्ळी करत सेंट्रल सिल्क बोर्ड सातवं येतं. पिल्लाच्या सात शेपट्या बोटांवर धरून बसायचं आणि प्रत्येक स्थानकाला एक कापायची. होसूर रस्त्यावर गाडीत अडकून पडण्यापेक्षा हे बरं.

गैरसमज: शंभरपर्यंत म्हणतो, म्हणजे गणित येतं

हा समज सगळ्यांत मोठा. पाहुणे आले की सोफ्यावर उभं राहून म्हणून दाखवायचा कार्यक्रम होतो. पाठांतराला नावं ठेवायची गरज नाही. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असलेली पिढी आपण पाहिली आहे आणि त्यांचा हिशेब चोख असे. पण म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रॉचेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीमागची तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द. शब्दांचा क्रम कायम. शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्या वस्तूंची संख्या. काहीही मोजता येतं, फळं मोजता येतात तशी शिंकही. आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच. पुढे कॅरन विन यांनी एक अगदी साधी चाचणी वापरली. मुलापुढे खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचं, ‘मला तीन दे.’ दहापर्यंत न चुकता म्हणणारी कितीतरी मुलं तीन मागितल्यावर मूठभर उचलून देतात. मुलांना आधी फक्त ‘एक’ कळतो. मग बऱ्याच महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. साधारण साडेतीन-चार वर्षांच्या सुमाराला एकदम प्रकाश पडतो की मोजणं थांबतं तो आकडा म्हणजेच उत्तर.

घरी हे तपासायला गोष्ट फार सोयीची. परीक्षा आहे असं वाटतच नाही. उंदीर म्हणतो, ‘मला चार शेंगदाणे हवेत.’ मुलानं मोजून दिले की विचारायचं, ‘मग किती दिलेस?’ ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटच्या शब्दाचा अर्थ अजून लागलेला नाही. अशा वेळी शंभराकडे धावण्यापेक्षा चार-पाचाच्या आतच राहावं. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात पाच ते सहा वर्षांच्या, म्हणजे बालवाटिकेच्या मुलांसाठी अंक ओळखण्याचं आणि वाचण्याचं उद्दिष्ट दहापर्यंतच आहे. दहा! शंभरपर्यंत लिहून आणण्याचा गृहपाठ एलकेजीला येतो, तो कुठून येतो हे शाळेला विचारायला हरकत नाही.

गैरसमज: थीम लावली की गोष्टीतून गणित झालं

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण हा समज पालकांपेक्षा प्लेस्कूलांनी जास्त पसरवला आहे. एरिक कार्ल यांचं १९६९ मधलं भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक बहुतेक इंग्रजी प्लेस्कूलांत असतं. त्यात सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. गणितासाठी याहून सरळ पुस्तक मिळणं कठीण. मग ‘सुरवंट सप्ताह’ होतो. शिक्षिका हिरवे गोळे आधीच कापून ठेवतात, मुलं ते ओळीनं चिकटवतात, फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येतो. मुलानं काय मोजलं? काहीच नाही. किंवा वर्कशीटच्या कोपऱ्यात सुरवंटाचं चित्र आणि खाली १ ते १० गिरवायचे ठिपके. सुरवंट काढून तिथे डायनासोर टाकला तरी पान तेच राहील. अशी गोष्ट म्हणजे भिंतीचा वॉलपेपर.

माझी कसोटी एकच आहे. गोष्ट काढून घेतली तर कृती अडते का? अडत असेल तर कृती गोष्टीतून आली आहे. सुरवंटाच्या तोंडाला भोक असलेला डबा करा आणि सोमवारपासून त्याला खायला द्या. गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्यांऐवजी चार बोरं चालतील. शुक्रवारी विचारा, ‘काल किती खाल्ली होती? आज किती जास्त?’ शनिवारच्या मेजवानीत दहा पदार्थ आहेत, ते मुलाला ठरवू द्या. बदाम हलवा, मैसूर पाक, चकली, काहीही. पण दहाच व्हायला हवेत, आणि सुरवंटाला अकरावा दिला तर पोट दुखेल. आता मोजण्याला कारण आहे. बॉस्टन कॉलेजच्या बेथ केसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये बालवर्गांत ठोकळ्यांची रचना शिकवून पाहिली. गोष्टीतल्या पात्राची अडचण सोडवण्यासाठी बांधकाम करणाऱ्या मुलांची रचना, तेच ठोकळे गोष्टीविना वापरणाऱ्यांपेक्षा सरस झाली. ठोकळे तेच होते. फरक होता तो कोणासाठी आणि कशासाठी बांधायचं याचा.

गैरसमज: पुस्तकात आकडे असायलाच हवेत

नेदरलँड्समध्ये मारिया व्हॅन डेन ह्यूव्हल-पॅनहाउझेन आणि सहकाऱ्यांनी बालवर्गांत तीन महिने चोवीस चित्रपुस्तकं वाचून दाखवण्याचा प्रयोग केला. ही पुस्तकं गणित शिकवायला लिहिलेली नव्हती, चांगल्या गोष्टी होत्या एवढंच. तरी ती ऐकणाऱ्या वर्गांची गणितातली प्रगती इतर वर्गांपेक्षा जास्त झाली. शिक्षिकांना दिलेल्या सूचना मला फार आवडल्या. वाचताना मध्येच स्वतःशी प्रश्न विचारायचा, कळत नाही असं दाखवायचं, किंवा नुसतं बुचकळ्यात पडल्यासारखं चित्राकडे बघायचं. उत्तरपत्रिका कुठेच नाही. आपल्याकडच्या आज्या हे नाटक उत्तम करतात. ‘अगं बाई, इथे तर एक बदक कमीच दिसतंय!’ म्हणून बघा.

माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ ही पुस्तकं घ्या. घरातली माणसं आणि त्यांची कामं, यापलीकडे त्यांत शिकवण्याचा आव नाही. पण घरात माणसं किती, जेवायला पानं किती मांडायची, आपल्या घरी राधापेक्षा एक माणूस कमी की जास्त, हे प्रश्न आपोआप उभे राहतात. बेंगळुरूतच रोहिणी निलेकणी यांच्या पुढाकारातून २००४ मध्ये प्रथम बुक्स सुरू झाली. तिच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी आणि कन्नड गोष्टी मोफत वाचायला मिळतात, छापून घेता येतात. एकच चित्र, खाली एकदा मराठी आणि एकदा कन्नड. वरच्या मजल्यावरचा कन्नड दोस्त आणि आपलं मूल एकाच गोष्टीतली माकडं मोजू शकतात.

यावरून पुढचा समज.

गैरसमज: तीन भाषांत आकडे ऐकून मूल गोंधळतं

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी मुलाच्या कानावर घरी ‘एक, दोन’, शाळेत ‘वन, टू’, खाली भाजीवाल्याकडे ‘ओंदु, एरडु’ आणि सुरक्षारक्षकाकडून बहुधा हिंदी पडतं. पालक घाबरून मराठी आकडे बंद करतात. द्वैभाषिक मुलांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात २०१५ मध्ये असं दिसलं, की ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ या छोट्या शब्दांचे अर्थ प्रत्येक भाषेत वेगळे शिकावे लागतात, पण मोजणीचा शेवटचा शब्द म्हणजे संख्या ही समज एका भाषेत आली की दुसरीत सोबत येते. म्हणजे खरी कठीण चढण एकदाच चढायची असते, आणि ती घरच्या भाषेत, आजीच्या गोष्टीत चढायला सगळ्यांत सोपी.

मराठीची स्वतःची एक अडचण मात्र खरी आहे. कन्नडमध्ये वीस म्हणजे इप्पत्तु, एकवीस म्हणजे इप्पत्तोंदु. तीस मूवत्तु, बत्तीस मूवत्तेरडु. आधी दशक, मग एकक, जसं लिहितो तसंच बोलायचं. मराठीत एकक आधी येतो आणि एकोणतीस म्हणताना तर पुढच्या दशकातून एक वजा करावा लागतो. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात रूढ शब्दांच्या जोडीनं ‘वीस एक’, ‘तीस दोन’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली म्हणून लेख आले, विधिमंडळात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावावरून कोट्या झाल्या. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की मुलांना स्थानिक किंमत कळावी म्हणून ही सोय आहे. बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्या म्हणण्याचा पुरावा इथे रोज भाजीच्या गाडीवर ऐकू येतो. बालवाडीच्या वयात वीसच्या पुढे फारसं जायचं नसतं, म्हणून ही अडचण आज दाराशी नाही. पण कन्नड दोस्तानं ‘हत्तु’नंतर ‘हन्नोंदु’ म्हटलं, तर ते ऐकू द्यावं, म्हणू द्यावं.

गैरसमज: गोष्टीत रमलं की मुद्दा निसटतो

ज्याँ पियाजे यांचा प्रयोग शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हमखास असतो. चकत्यांच्या दोन समान ओळी मांडायच्या, मग एक ओळ लांब पसरायची आणि विचारायचं, दोन्हीकडे सारख्याच आहेत की एकीकडे जास्त? चार-पाच वर्षांची मुलं लांब ओळीकडे बोट दाखवतात. निष्कर्ष असा, की संख्या कायम राहते हे त्यांना अजून कळत नाही. एडिंबराच्या मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल यांना १९७४ च्या सुमारास शंका आली. मोठ्या माणसानं समोर ओळ पसरली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मुलाला वाटत असेल की उत्तर बदलायला हवं. म्हणून त्यांनी एक खोडकर टेडी आणला. टेडी खोक्यातून सुटून यायचा आणि चकत्या विस्कटून टाकायचा. आता तोच प्रश्न. नेहमीच्या पद्धतीत सहा-सात मुलांमागे एक बरोबर सांगत होतं. टेडीनं विस्कटल्यावर साठ टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘सारख्याच आहेत’ म्हणून सांगितलं.

पुढे काहींनी आक्षेप घेतला, की टेडीच्या गमतीत मुलांचं ओळीकडे लक्षच गेलं नसेल, आणि टेडीनं खरोखर एखादी चकती पळवली तरी ती ‘सारख्याच’ म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून घरी हा खेळ खेळताना दोन्ही करावं. उंदीर कधी शेंगदाणे नुसते पसरवून जाईल, कधी एक खाऊन जाईल. मुलाला दोन्हींतला फरक पकडता आला, तर त्याला जे कळलंय ते पक्कं.

गैरसमज: बोटांवर मोजू देऊ नये

द्यावं. बालवर्गात बोटं वापरणारी मुलं बेरजेत बहुतेक पुढेच असतात. दुसरीच्या आसपास ती सवय आपोआप सुटायला लागते. आजी पेरांवर मोजत असेल तर तेही दाखवावं.

गैरसमज: आई-बाबा इंजिनिअर, म्हणजे मुलाचं गणित चांगलंच होणार

शिकागोत लहान मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं गेलं. चौदा ते तीस महिन्यांच्या वयात, एकूण साडेसात तासांच्या मुद्रणात, एका घरात संख्येचे शब्द ४ वेळा आले, दुसऱ्या घरात २५७ वेळा. समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल, चार ते दहाच्या संख्यांबद्दल जिथे जास्त बोललं गेलं, तिथली मुलं पुढे संख्या समजण्यात पुढे होती. पदवीनं हे बोलणं आपोआप होत नाही. उलटही खरं आहे. ‘मला गणित कधी जमलंच नाही’ म्हणणाऱ्या आईनं घाबरायचं कारण नाही. शिकागोतच २०१५ मध्ये पहिलीतल्या मुलांच्या पालकांना रोज झोपताना वाचायला छोट्या गणिती गोष्टी दिल्या गेल्या, आणि ज्यांचे पालक गणिताला घाबरत होते, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. गोष्ट पालकालाही धीर देते. दोघांनी मिळून उंदराच्या शेपट्या मोजायला कोणाला भीती वाटणार?

गैरसमज: लवकर सुरू केलं की कायम पुढे

ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सहा दीर्घकालीन अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा शाळेत येतानाचं गणित हे पुढच्या शैक्षणिक यशाचं सर्वांत भक्कम पूर्वचिन्ह निघालं. हा निष्कर्ष प्लेस्कूलांच्या पत्रकांत वेगळ्या रूपात येतो: आत्ताच बेरीज शिकवा. पण पूर्वचिन्ह म्हणजे कारण नाही, आणि लवकर दिलेल्या आघाडीचा बराच भाग पुढच्या काही वर्षांत विरून जातो हेही अनेक प्रयोगांत दिसलं आहे. कर्नाटकात पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण असण्याचा नियम आहे. २०२५-२६ पुरती पाच वर्षं पाच महिन्यांपर्यंत सूट दिली गेली. ज्यांच्या मुलाचं वर्ष या नियमात ‘वाया गेलं’, त्यांनी ते वर्ष युकेजीच्या वह्यांनी भरून काढू नये, ही माझी कळकळीची विनंती. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी एक ते दहा खान्यांचा सरळ पट मुलांना सगळा मिळून तासभर खेळायला दिला, तेवढ्यानं त्यांची संख्यांची जाण सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही टिकली. रंगांचा पट खेळलेल्यांची सुधारली नाही. सापशिडी पाचव्या वर्षी काढा, पण आधी हा सरळ पट. इमारतीची लिफ्टही चालते, ती तर उभी ठेवलेली संख्यारेषा आहे.

गैरसमज: गोष्टीतलं उत्तर ठरलेलं असतं

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगून झाल्यावर बहुतेक जण शहाणपणाकडे वळतात. त्याऐवजी ती गोष्ट करून बघा. स्टीलचा पेला वापरू नका, काचेचा ग्लास घ्या. अर्धा भरा, बाहेरून स्केचपेननं रेघ मारा आणि मुलाला एकेक खडा टाकू द्या. किती खड्यांनी पाणी पुढच्या रेघेपर्यंत येईल, हे आधी सांगायचं. इथे मोजणं आलं, अंदाज आला, मापन आलं.

मग दुसरा ग्लास घ्या आणि त्यात पाणी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं कमी ठेवा. खडे टाकत जा. ग्लास काठापर्यंत खड्यांनी भरतो आणि पाणी खालीच राहतं, कारण गोल खड्यांच्या मधे बरीच जागा उरते आणि पाणी तिथेच मुरून बसतं. गोष्ट खोटी ठरली की काय? मुलं इथे चिडतात, मग उपाय सुचवायला लागतात. मोठे दगड, छोटे दगड, अजून दगड. कुणीतरी म्हणतं, वाळू टाकून बघू. बारीक वाळू खड्यांच्या फटींत उतरते, आणि अडकलेलं पाणी वर येतं.